थंड इंजिनाची कैफियत

नव्या मोटारीच्या इंजिनातून येणारा आवाज हा इंजिनाचा दोष नसून मालकाच्या मनाचा विकार होय, असा एक सिद्धांत अधिकृत विक्रेत्यांच्या कार्यशाळांत सर्वमान्य झालेला दिसतो. तो खोडून काढण्याचा भार अर्थातच मालकावर असतो, आणि हमीची मुदत सरण्यापूर्वी त्याने तो उतरवला नाही, तर पुढचा सगळा खर्च त्याच्याच माथी बसतो. मी तो भार उतरवला. टायमिंग चेन, तिचा टेन्शनर आणि गाइड असा सगळा संच एक पैही न देता, हमीखाली, माझ्या गाडीत बदलून मिळाला. तेव्हा पुढे लिहितो आहे ते हरलेल्या माणसाचे रडगाणे नव्हे, एवढे आरंभीच नमूद करतो. परंतु जे सरळ हक्काचे होते ते पदरात पाडून घेण्यासाठी ज्या थराला जावे लागले, आणि त्या अवधीत ज्या गोड हास्याने माझी वारंवार बोळवण करण्यात आली, त्याचा कडवटपणा अद्याप गेलेला नाही, हेही लपवत नाही.

आवाजाचे स्वरूप आधी सांगितले पाहिजे, कारण सगळा तंटा त्याच्या स्वरूपातूनच उद्भवला. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की पहिले दोन-तीन सेकंद बॉनेटखाली एका अंगाला, पत्र्याच्या डब्यात चिंचोके घालून कोणी तो हलवावा तसा, खडखडाट होई आणि मग एकाएकी सारे शांत. त्यानंतर दिवसभर ती गाडी पुण्यास नेऊन आणा, यवतेश्वरचा घाट चढवा, कासपर्यंत दामटा, आवाजाचा मागमूस नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. साताऱ्याच्या थंडीत तो अंमळ अधिक, चैत्र-वैशाखात किंचित कमी, परंतु चुकला असा तो कधी नाही. सौ. तर स्वयंपाकघरातून ऐकून सांगू लागली, की गाडी निघाली.

आमच्या आळीच्या तोंडाशी एक वृद्ध मिस्त्री आहेत, ज्यांचे हात प्रीमियर पद्मिनीच्या अमदानीपासून इंजिनांत बरबटलेले आहेत. एके दिवशी उजाडताच ते आले, बॉनेट उघडले, हातभर लांबीच्या पेचकसाचे टोक इंजिनाच्या पुढच्या झाकणावर टेकवले, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली आणि मला चावी फिरवायला सांगितली. खडखडाट झाला, थांबला. त्यांनी पेचकस तसाच धरून आणखी क्षणभर ऐकले, मग खांद्यावरच्या फडक्याने मूठ पुसत म्हणाले, "रावसाहेब, चेन ढिली हाय. टेन्शनर दम धरंना. हमीत हाय न्हवं गाडी? मग मी हात लावत न्हाई. त्यांच्याकडनंच करून घ्या." निदान एवढ्यात झाले, फी म्हणून एक चहा. पुढे ज्यांच्याकडे संगणक, वातानुकूलित प्रतीक्षागृह आणि भिंतीवर प्रशस्तिपत्रे होती, त्यांना हेच निदान करायला मला अक्षरशः भाग पाडावे लागले.

ज्यांना यंत्राची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या तळाशी क्रँकशाफ्ट आणि माथ्यावर झडपा उघडणारा कॅमशाफ्ट यांना टायमिंग चेन जोडते, आणि खालच्या दोन फेऱ्यांमागे वरची एक फेरी हे प्रमाण ती काटेकोर राखते. ती ताठ ठेवण्याचे काम टेन्शनरचे, आणि बहुतेक इंजिनांत टेन्शनर चालतो इंजिन ऑइलच्या दाबावर. इंजिन बंद झाले की दाब ओसरतो. रात्रभरात आतले तेल निथळून जाऊ नये, निदान चेन सैल पडू नये, यासाठी टेन्शनरमध्ये झडप किंवा दाते योजलेले असतात. ती योजना निकामी झाली, की सकाळी पंपाने तेल वर चढवून दाब पुरवेपर्यंत सैल चेन गाइडवर आपटत राहते, आणि दाब येताच मुकाट होते. हा दोष दुर्लक्षिला आणि एखाद्या दिवशी चेनने दात्यावरची जागा सोडली, तर अनेक इंजिनांत पिस्टन थेट झडपांवर आदळून डोक्यापासून पायापर्यंत सगळे मोडते. म्हणजे ज्या आवाजाला "किरकोळ" म्हणून मला हसण्यावारी नेले जात होते, त्याच्या पोटात इंजिनाचा सत्यनाश दडलेला होता.

मिस्त्रींनी त्या दिवशी आणखी जे सांगितले तेही येथे नोंदवतो, कारण विक्रेत्यापुढे उभे राहण्यापूर्वी आपला आवाज कोणत्या जातीचा हे मालकाला ठाऊक असलेच पाहिजे. थंड इंजिनात सुरू होऊन इंजिन तापत जाईल तसतसा हळूहळू विरणारा ठकठकाट बहुधा पिस्टनचा असतो. घाट चढताना, वरच्या गिअरमध्ये पाय दाबला असता येणारी बारीक किणकिण ही इंधन अवेळी पेटल्याची. वेगाबरोबर वाढणारा सततचा घर्रर्र आवाज पुष्कळदा इंजिनाचा नसतोच. तो पट्ट्यावर फिरणाऱ्या एखाद्या पुलीचा किंवा पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगचा निघतो, आणि पट्टा काढून इंजिन काही क्षण चालवले की लगेच उलगडा होतो. परंतु इंजिनाच्या पोटातून, भार पडताच, जड ठोके येऊ लागले, तर गाडी तेथेच बंद करावी आणि ओढून न्यावी; चालवत नेली तर बेअरिंग जाईल आणि शिवाय "तुम्ही चालवलीत म्हणून गेले" असा शेरा मिळेल तो वेगळाच.

आता विक्रेत्याकडे वळतो. ज्या इमारतीच्या दर्शनी भागात गाडीला हार घालून, सौ.च्या हातून नारळ फोडवून, पुठ्ठ्याची अगडबंब किल्ली आम्हा उभयतांच्या हाती देऊन छायाचित्र काढण्यात आले होते, त्याच इमारतीच्या मागे कार्यशाळा आहे. आणि पुढच्या दारातून मागच्या दाराकडे जाताना माणसाची किंमत किती झपाट्याने उतरते, याचा अनुभव ज्याला घ्यायचा असेल त्याने तेथे एकदा तक्रार घेऊन जावे. पुढच्या दालनातील तरुण मला "सर" म्हणत, मागच्या दालनातील सर्व्हिस ॲडव्हायझर "काका" म्हणे. तो गाडीत बसला, इंजिन सुरू केले, पाय दाबला, कान दिल्याचा आविर्भाव केला आणि उतरला.

"काका, गाडी तर एकदम मख्खन आहे. कुठाय आवाज?"

"आवाज सकाळी येतो. गाडी थंड असताना."

"मग सकाळी आणा ना."

"घरून येथपर्यंत आणली की ती गरम होते."

त्याने यावर क्षणभर मनापासून विचार केला. "हो, ते पण आहे," तो म्हणाला, आणि हातातल्या टॅबवर काहीतरी टिपून घेतले. काय टिपले ते मला दिसले नाही. मला फक्त काचेवर बोट फिरवून सही करायला सांगितले. प्रत मागितली तेव्हा ती व्हॉट्सॲपवर येईल असे उत्तर मिळाले. ती आली नाही. पुढच्या खेपेसही हेच, त्याच्या पुढच्या खेपेसही हेच. दर वेळी गाडी धुऊन-पुसून, पायाखाली कागद अंथरून परत मिळे, आणि दर वेळी एक नवीन उपपत्ती ऐकायला मिळे. कधी म्हणत, या मॉडेलला असा आवाज असतोच. मग तेथेच उभी असलेली त्याच मॉडेलची दाखवण्याची गाडी सकाळी सुरू करून दाखवा म्हटले, तर तिची चावी विक्री विभागाकडे असे. कधी म्हणत, हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे ना, त्याने होते. इथेनॉल जर रोज सकाळी तीन सेकंदच बाधत असेल, तर तो मोठाच शिस्तीचा पदार्थ म्हणावा लागेल. कधी ऑइलवर खापर फुटे, ज्यावर मला नम्रपणे सांगावे लागे की ते ऑइल आपणच, मोफत सर्व्हिसिंगच्या वेळी, आपल्याच हातांनी भरले आहे. आणि एकदा तर इंजिन आतून स्वच्छ करण्याचा, ज्याला ते डीकार्बनायझिंग म्हणतात, आग्रह झाला. तो मात्र हमीत बसत नव्हता, रोख भरायचा होता. दोष यांच्या यंत्रात, औषध माझ्या खर्चाने, आणि त्या औषधाचा या दोषाशी काडीचा संबंध नाही! मी नकार दिला. त्यावर, "मग काका आम्ही काय करणार?" असा करुण प्रश्न आला, आणि पाठोपाठ, हसत हसत, "तुम्ही कान एकदा चेक करून घ्या, वयोमानाने कधी कधी..." वाक्य पुरे करण्याचे सौजन्य त्याने दाखवले नाही. माझा कान शाबूत आहे. तो शाबूत होता म्हणूनच त्यांचे इंजिन वाचले.

शेवटी मीच तोड काढली, की गाडी रात्रभर कार्यशाळेत ठेवून घ्या आणि सकाळी माझ्यासमक्ष सुरू करा. बराच काथ्याकूट होऊन ते मान्य झाले. दुसऱ्या दिवशी दार उघडण्याच्या वेळेस मी हजर झालो. गाडी आदल्या दिवशीच्या जागी नव्हती. धुण्याच्या ओट्यापासून पलीकडच्या रांगेत गेली होती. ॲडव्हायझर म्हणाला, "सकाळपासून कुणी हात नाही लावलेला, काका. करा सुरू." मी आत बसण्यापूर्वी सहज बॉनेटवर तळहात ठेवला. पत्रा कोमट होता. उन्हाने तापावा तर गाडी छपराखाली, आणि बाहेर पौषातली सकाळ. मी काही न बोलता त्याचा हात धरून तो तेथेच ठेवला. त्याने हात काढून घेतला, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाला, "पोरांनी हलवली असेल साइडला." इंजिन सुरू केले, अर्थातच आवाज आला नाही, आणि "दोष आढळला नाही" असा निष्कर्ष निघून माझी रवानगी झाली.

तथापि मर्मावर घाव बसला तो या दिवशी नव्हे. तो बसला पुढे, वर्क्स मॅनेजरच्या काचेच्या खोलीत. हमी संपण्यास फार अवधी उरला नव्हता, आणि मी तक्रारीचा पाढा पहिल्यापासून वाचू लागलो तेव्हा त्या गृहस्थांनी अत्यंत शांतपणे मला मध्येच थांबवले. "पण तुमची आवाजाची तक्रार आमच्याकडे नाहीच आहे, काका," ते म्हणाले, आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या गाडीचा समग्र इतिहास तेथे एकाखाली एक मांडलेला होता: नियमित सर्व्हिस, व्हील अलाइनमेंट, जनरल चेकअप, पुन्हा जनरल चेकअप, आणि ज्या रात्री गाडी तेथे मुक्कामास होती त्या तारखेपुढे, "ग्राहकाच्या सूचनेवरून सर्वसाधारण तपासणी". प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शेरा होता: ग्राहक समाधानी.

ज्याची उभी हयात टिपण्या लिहिण्यात आणि इतरांनी लिहिलेल्या टिपण्यांतील मखलाशी हुडकण्यात गेली, त्याला त्या पडद्याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. सरकारी कचेरीत अर्ज फेटाळला जातो, पण निदान आधी तो आवक होतो, त्यावर क्रमांक पडतो, आणि "सबब नामंजूर" असा का होईना, एक हुकूम अर्जदाराच्या हाती येतो, ज्यावर त्याला वर दाद मागता येते. येथे माझी फिर्याद नामंजूर झालेली नव्हती. ती दाखलच झालेली नव्हती. इतक्या खेपा, इतकी संभाषणे, तो कोमट पत्रा, सगळे माझ्या स्मरणात होते आणि त्यांच्या दप्तरात शून्य. उद्या मुदत संपली असती, तर मुदतीत तक्रार केल्याचा एकही पुरावा माझ्यापाशी नव्हता, आणि मी समाधानी असल्याचे मात्र अनेक पुरावे त्यांच्यापाशी होते. बारीकशा हास्यासह मॅनेजरांनी पुढे विचारले, "एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली होती का तुम्ही?" हे सर्व योगायोगाने घडते असे मानणारे भोळे लोक असतील. मी नाही.

मी त्या खोलीतून उठलो तो थेट काउंटरवर गेलो आणि नवीन जॉबकार्ड उघडायला लावले. तेथे एक मुलगी बसली होती. तिला मी मजकूर सांगितला: रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे थंड इंजिन सकाळी सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद टायमिंग चेनच्या बाजूने खडखडाट होतो; ही तक्रार यापूर्वीही वारंवार तोंडी केलेली आहे. ती म्हणाली, "काका, सिस्टिममध्ये नुसतं 'इंजिन नॉइज' एवढंच सिलेक्ट होतं." मी म्हटले, ते निवड, आणि राहिलेले शेऱ्याच्या रकान्यात लिही. तिने लिहिले, प्रत छापली, शिक्का मारला, सही केली आणि माझ्या हाती दिली. त्या संपूर्ण आस्थापनेत आपले काम नेमके केलेली ती एकच व्यक्ती मला भेटली.

माझ्या अनुभवाचे सार विचाराल तर ते या एका कागदात आहे. तोंडी तक्रार म्हणजे तक्रार नव्हे. जॉबकार्डावर आपल्या शब्दांत दोष उतरला आहे की नाही हे वाचून पाहिल्याखेरीज गाडीची चावी देऊ नये. टॅबवर सही मागितली तर टॅब आपल्याकडे वळवून वरचा मजकूर वाचावा. छापील प्रत शिक्क्यासह हाती पडेपर्यंत काउंटर सोडू नये. आणि गाडी परत घेताना "समाधानी" या खुणेवर काट मारून "दोष कायम" असे स्वहस्ते लिहून मगच सही करावी. यावर ते कुरकुरतात, गेट पास अडकल्याचे सांगतात. कुरकुरू द्यावे.

पुराव्याची दुसरी बाजू चित्रफितीची. आवाज नुसता ध्वनिमुद्रित केला तर "हा आमच्या गाडीचा कशावरून?" असे विचारले जाते. यास्तव चित्रण अखंड, मध्ये न तोडता करावे: प्रथम गाडीचा क्रमांक, मग किलोमीटरचा आकडा, मग चावी फिरवल्यावर लागणारा निळा दिवा, आणि मग काच उतरवून आवाज. हा निळा दिवा पुष्कळ गाड्यांत असतो, आणि इंजिनाचे पाणी अजून गार आहे हे तो दर्शवतो. इंजिन थंड होते याची साक्ष दुसरे कोणी देणार नाही, ती त्यांच्याच कंपनीने बसवलेला हा दिवा देतो. त्याच सकाळी ऑइलची पट्टी बाहेर काढून पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे याचेही छायाचित्र घ्यावे, म्हणजे "ऑइल कमी होते" ही सबब आधीच निकालात निघते. आणि हमीची पुस्तिका, जी कोणी वाचत नाही, ती वाचावी. बहुतेक पुस्तिकांत असे एक कलम असते, की वाहनाच्या कार्यास बाधा न आणणारा किरकोळ आवाज वा कंप हा दोष समजला जाणार नाही. विक्रेता याच कलमाच्या आडोशाला उभा राहतो. त्यामुळे तक्रारीत "आवाज येतो" एवढेच लिहून भागत नाही; कोणत्या भागाच्या बिघाडामुळे येतो आणि त्यापासून इंजिनाला काय धोका आहे, हेही लिहावे लागते.

मी कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला पत्र धाडले. चॅसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, खरेदीची तारीख, किलोमीटर, दोषाचे वर्णन, कोमट बॉनेटचा प्रसंग, सोबत जॉबकार्डाची प्रत; ईमेलने चित्रफीत आणि स्पीड पोस्टाने कागद, दोन्ही, एक प्रत विक्रेत्यास. विशेषणे वापरली नाहीत. मागणी एकच केली, की कंपनीच्या अभियंत्याने थंड इंजिनाची समक्ष तपासणी करून लेखी निष्कर्ष द्यावा. फोनवर बोलणाऱ्या मंडळींकडून तक्रार क्रमांक मिळतो आणि दोन दिवसांनी "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे" असा संदेशही मिळतो, हे माझ्या बाबतीतही घडले. मी तोच क्रमांक उद्धृत करून "निकाली निघालेली नाही" असे पुन्हा लिहिले. तगादा सोडू नये. संयम राखावा, भाषा सभ्य ठेवावी, कागद जपून ठेवावेत, वगैरे उपदेश कोणीही करील, आणि तो खराही आहे.

अखेर कंपनीचा विभागीय अभियंता आला. या खेपेस गाडी संध्याकाळी मी स्वतः छपराखाली अशा जागी लावली, जेथून ती कोणाच्या वाटेत येणार नव्हती, आणि चावी खिशात घालून घरी घेऊन गेलो. सकाळी त्याच्या देखत बॉनेटवर हात ठेवला गेला, निळा दिवा लागला, आणि चावी फिरताच तो खडखडाट झाला, नेहमीसारखाच, दोन-तीन सेकंद. ॲडव्हायझर जमिनीकडे पाहत होता, मॅनेजर आपल्या मोबाइलमध्ये. अभियंता म्हणाला, "बंद करा. परत सुरू करू नका. पुढचं कव्हर खोला." दुपारी त्याने मला बोलावून टेन्शनर दाखवला. त्याचा जो दट्ट्या दात्यांवर अडकून जागच्या जागी राहायला हवा होता, तो अभियंत्याच्या अंगठ्याने विनासायास आत सरकत होता. आणि प्लास्टिकच्या गाइडवर चेनने खोल चऱ्या पाडलेल्या होत्या. मिस्त्रींनी पेचकसाने जे ऐकले होते तेच डोळ्यांनी दिसत होते. कोणी "चूक झाली" म्हणाले नाही. मी अपेक्षाही केली नव्हती, असे म्हणणे खोटे ठरेल.

आणि एवढ्यावर संपले असे समजू नका. गाडी नेण्याच्या दिवशी जे बिल समोर आले त्यावर रक्कम शून्य होती खरी, परंतु शेरा होता: "ग्राहकाच्या विनंतीवरून, सद्भावनेपोटी भाग बदलले." म्हणजे दोष नव्हताच, यांच्या औदार्याने नवे भाग बसवण्यात आले! हा शेरा निरुपद्रवी वाटतो, पण तो मान्य केला तर उद्या तोच दोष पुन्हा उद्भवल्यास आधी दोष कबूल झाल्याची नोंद कोठेच राहत नाही, आणि औदार्य दुसऱ्यांदा दाखवण्याचे बंधन कोणावरच नसते. मी सही करण्यास नकार दिला, अभियंत्याला फोन लावला आणि "हमीअंतर्गत, टेन्शनर सदोष आढळल्याने" असा मजकूर छापून येईपर्यंत त्या वातानुकूलित प्रतीक्षागृहात बसून राहिलो. संध्याकाळ झाली. त्यांनी तीनदा चहा विचारला, मी तीनदा नको म्हटले.

कंपनीने दाद दिली नसती तर पुढचा मार्ग ग्राहक आयोगाचा होता, आणि त्याची तयारी मी ठेवलेली होती. 1986 चा कायदा जाऊन 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून अंमलात आला, त्यात ग्राहकाला उपयुक्त अशा काही गोष्टी आहेत. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दाखल करता येते. विक्रेता वा कंपनी कोठे आहे याला महत्त्व नाही. मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच पुरतो. शुल्क 5 लाखांपर्यंत काही नाही, 10 लाखांपर्यंत 200 रुपये आणि 20 लाखांपर्यंत 400 रुपये. तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते. विक्रेता आणि निर्माता या दोघांनाही सामनेवाले करावे, नाही तर एकमेकांकडे बोट दाखवण्यात तारखा जातात. दोष तपासणीवाचून ठरत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. निकाल साधारण 3 महिन्यांत, तपासणी लागल्यास 5 महिन्यांत देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायद्यात लिहिले आहे. ज्याने कोर्टकचेरीचे जिने झिजवले आहेत तो "प्रयत्न" या शब्दावर नजर ठेवील. तत्पूर्वी 1915 या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून ठेवणे हिताचे, कारण तेथून कंपनीकडे विचारणा जाते आणि एक तारीख दप्तरी लागते. मात्र रागाच्या भरात "गाडीच बदलून द्या" अशी मागणी एकदम करू नये. संपूर्ण गाडी बदलून मागायची तर निर्मितीदोष तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते, आणि सदोष भाग दुरुस्त करून मिळण्याचा साधा सरळ हक्क उगाच मागे पडतो. बाहेरून बसवलेले सीएनजी किट, कापून जोडलेल्या वायरी, हुकलेली सर्व्हिसिंग, यांतले काहीही असले तर विक्रेत्याचे काम सोपे होते, हेही ध्यानात असू द्या.

गाडी आणल्यानंतर विक्रेत्याकडून फोन आला. पलीकडचा आवाज गोड होता. सेवेबद्दल दहापैकी दहा गुण द्यावेत, नाही तर ॲडव्हायझरच्या पगारातून कापले जाते, असे मला सुचवण्यात आले. मी चार दिले, आणि ते चारही काउंटरवरच्या त्या मुलीसाठी आहेत असे लिहून घ्यायला सांगितले. लिहून घेतले की नाही, कोण जाणे. त्याची छापील प्रत मिळत नाही.

आता शेवटची गोष्ट, जी मला कोणी आपणहून सांगितली नाही आणि पुस्तिकेतूनच शोधावी लागली. हमीखाली बदललेल्या भागाला पुष्कळदा नव्याने हमी मिळत नाही; मूळ हमीची जी मुदत उरली असेल तेवढीच त्यालाही लागू राहते. म्हणून ज्यांचा भाग मुदतीच्या अखेरीस बदलला गेला असेल, त्यांनी हमी संपण्याच्या निदान महिनाभर आधी गाडी एकदा रात्रभर उभी ठेवून, सकाळी कान देऊन ऐकावी, आणि जरासाही संशय आला तर त्याच दिवशी लेखी तक्रार देऊन शिक्क्याची पोच घ्यावी.